आर. के.च्या मुद्रेवरची दोघे

‘आग’ १९४८ साली पडद्यावर आला, तेव्हा राज कपूर यांचे वय चोवीसही पूर्ण नव्हते आणि आर. के. फिल्म्सची ती ओळखीची मुद्रा जन्मायची होती. ती दिली पुढच्या वर्षीच्या ‘बरसात’ने. प्राण (राज कपूर) व्हायोलिन वाजवतो, रेशमा (नर्गिस) सुरांच्या ओढीने धावत येते, आणि तो एका हातात व्हायोलिन सांभाळत दुसऱ्या हातावर तिला पेलतो. या क्षणाने आधी पोस्टर गाजवले, मग तो कंपनीचे बोधचिन्हच होऊन बसला. ‘बरसात’ने पैसाही असा दिला की चेंबूरला स्टुडिओ उभा राहिला.

त्या काळी बहुतेक कंपन्या प्रतीके निवडत. ‘प्रभात’ची तुतारी फुंकणारी स्त्री पहाटेची वर्दी देई, ती कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक असण्याची गरज नव्हती. सोहराब मोदींच्या ‘मिनर्व्हा’चा सिंह होता. मेहबूब खान तर विळा-हातोडा दाखवत आणि त्यावर ऐकवत एक उर्दू शेर, तोही सगळे खुदाच्या मर्जीवर सोपवणारा! मार्क्सला हे कितपत रुचले असते कोण जाणे. राज कपूर यांनी मात्र चिन्हावर हाडामांसाची, नावागावाची दोन माणसे बसवली, त्यातले एक स्वतःच. यात हौस होती, आत्मप्रेमही होते. आणि पुढची सगळी गुंतागुंतही त्यातूनच आली.

या मुद्रेआधी येई ती पूजा. शिवलिंगासमोर बसलेले पृथ्वीराज कपूर, कानावर पडणारे मंत्र, आणि मग कंपनीचे नाव. वडिलांचा आशीर्वाद आधी, प्रेयसी नंतर. कपूर घराण्याचा हा क्रम नामावली सुरू होण्याआधीच कळून जाई.

‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) पाहणाऱ्यांना मुद्रेचे वेगळे काही वाटण्याचे कारणच नव्हते. मुद्रेवरची जोडीच पुढे तीन तास दिसणार होती. ‘जागते रहो’च्या (१९५६) शेवटी तहानलेल्या नायकाला पाणी पाजून नर्गिस आर. के.च्या चित्रपटांतून गेल्या. १९५८ साली त्यांनी सुनील दत्त यांच्याशी लग्न केले. ‘जिस देश में गंगा बहती है’मध्ये पद्मिनी आल्या, ‘संगम’मध्ये वैजयंतीमाला. बोधचिन्हावरून नर्गिस यांना मात्र कोणी उतरवले नाही.

उतरवणार तरी कसे? ती आकृती काढून टाकली असती, तर राज कपूर यांचा हात रिकामाच राहिला असता. त्याऐवजी चिन्ह हळूहळू साधे होत गेले. ‘बरसात’मधले चेहरे, केस, कपडे गळाले आणि उरले दोन देहांचे वळण आणि एक व्हायोलिन. हा बदल बोधचिन्ह म्हणून उत्तमच होता, कारण ते आता कागदावर, फाटकावर, कुठेही लहान-मोठ्या आकारात बसत होते. शिवाय तपशील गेल्यामुळे अडचणही निम्मी झाली. ज्याला ओळखायचे त्याने ओळखावे, इतरांसाठी ते केवळ संगीत आणि प्रेम.

पृथ्वीराज १९७२ साली वारले, तरी पुढच्याच वर्षीच्या ‘बॉबी’त त्यांची पूजा होती. नर्गिस १९८१ साली गेल्या. ‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) त्यांच्या आकृतीसह प्रदर्शित झाला. राज कपूर यांच्या निधनानंतर, १९९१ साली, त्यांचे चिरंजीव रणधीर यांनी ‘हिना’ पुरा केला. आता मुद्रेवरचे दोघेही हयात नव्हते. ऋषी कपूर दिग्दर्शित ‘आ अब लौट चलें’ (१९९९) हा या मालिकेतला शेवटचा चित्रपट.

हल्ली चित्रपट सुरू होण्याआधी पाच-सहा कंपन्यांची झगमगती चिन्हे लागोपाठ येतात आणि प्रेक्षक तेवढ्यात पॉपकॉर्न घेऊन येतो. आर. के.ची मुद्रा चुकवून आत येणे त्याच्या आजोबांना परवडले नसते.

१६ सप्टेंबर २०१७ रोजी चेंबूरच्या त्या स्टुडिओला आग लागली. नर्गिसपासून ऐश्वर्या रायपर्यंतच्या नायिकांचे जपलेले पोशाख त्यात गेल्याचे ऋषी कपूर यांनीच सांगितले. स्टुडिओ पुन्हा उभारणे परवडण्याजोगे नसल्याचे कुटुंबाने ठरवले, आणि २०१९ साली गोदरेज प्रॉपर्टीजने ती जागा विकत घेतली.