पहिल्या क्रमांकाचे गाणे

किला गेटहून थोडे चालत गेले की महंमद घौस ह्यांचा मकबरा आणि त्याच्याच आवारात तानसेनाची समाधी लागते. ह्या परिसरात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस एकदा विचारले, "सर, गाण्याला नंबर कोण देतो?" प्रश्न साधा वाटला, परंतु उत्तर देऊ लागताच ते आपल्यालाही पुरते ठाऊक नाही, हे आमच्या ध्यानी आले. त्या उत्तराचा शोध येथे थोडक्यात मांडीत आहो.

गीतांस लोकप्रियतेचा क्रमांक देण्याची प्रथा फार जुनी नाही. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' ह्या व्यवसायपत्राने तबकड्यांच्या विक्रीची देशव्यापी यादी १९४० साली सुरू केली. इंग्लंडात अशी पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली गेली. आणि पुढे अवघ्या एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी ह्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. प्रारंभी तीत सात गीतांची स्पर्धा असे; अनुक्रमे लावण्याची पद्धत थोड्या काळाने आली. त्या वर्षी माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकर ह्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ लोप पावली होती. श्रोता सिलोनकडे वळला तो ह्यामुळेच. १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीने ही चूक सुधारली.

आता हे क्रमांक नेमके काय मोजतात? बिलबोर्डच्या त्या काळी अनेक याद्या असत: दुकानांतील विक्रीची एक, रेडिओवरील वादनाची दुसरी, आणि नाणे टाकताच तबकडी वाजविणाऱ्या यंत्रांची तिसरी. ह्या साऱ्यांचा मेळ घालणारी शंभर गीतांची प्रसिद्ध यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी निघाली. शिवाय कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी यादीच निराळी असे. फॅट्स डॉमिनो ह्यांचे १९५५ मधील एक गीत त्या निराळ्या यादीत पहिले आले. पण सर्वसाधारण यादीत पहिले स्थान मिळाले ते त्याच गीताच्या पॅट बून ह्या गौरवर्णीय गायकाने गायिलेल्या आवृत्तीस. गीत तेच, चालही तीच. क्रमांक मात्र गाणाऱ्याच्या वर्णावरही अवलंबून राहिला. पुढे १९५९-६० मध्ये रेडिओवर तबकडी वाजविण्यासाठी पैसे दिले-घेतले जात असल्याचेही चौकशीत उघड झाले. तेव्हा क्रमांक म्हणजे लोकमताचा निर्मळ आरसा, असे मानणे भाबडेपणाचे होय.

रॉक अँड रोलचा उदय ह्याच वर्षांतला. चार मात्रांच्या आवर्तनात आपले लक्ष पहिल्या मात्रेकडे, समेकडे असते. ह्या संगीतात ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोराने पडतो, आणि पाय आपोआप थिरकतात. बिल हेली ह्यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गीत १९५४ साली निघाले तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढील वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' ह्या चित्रपटाच्या आरंभी ते वाजले आणि आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. तो चित्रपट एका शाळेचा आहे. त्यातील एक शिक्षक आपल्या आवडत्या जॅझच्या तबकड्या वर्गात आणतो आणि मुले त्या फोडून टाकतात. आपल्या आवडीचे संगीत मुलांपुढे ठेवून फजीत झालेल्या प्रत्येक शिक्षकाने हे दृश्य आठवावे.

आपल्याकडे ही लय प्रथम आणणाऱ्यांत अग्रणी ठरले ते एक मराठी संगीतकार. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. भगवानदादांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये त्यांनी गोमंतकीय वादकांचा ताफा वापरला; 'आशा' (१९५७) मधील निरर्थक शब्दांचे गीत तर उघडउघड रॉक अँड रोलच्या चालीचे. त्यातील कोंकणी शब्द त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स ह्यांनी सुचविल्याचे सांगतात. परंतु गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक यादीत जे गीत पहिले आले ते ह्याच संगीतकाराच्या 'अनारकली' मधील, लताबाईंनी गायिलेले, हिंदुस्थानी वळणाचे. एकाच हाताने दोन्ही केले.

आणि हा हात घडला कोठे? सी. रामचंद्र ह्यांचे शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडे झाले. विनायकबुवा पलुसकरांचे शिष्य, पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे. आणि बाळकृष्णबुवांनी महाराष्ट्रात नेली ती गायकी ग्वाल्हेरची. म्हणजे ज्या चालीवर मुलांचे पाय थिरकतात म्हणून आम्ही कपाळास आठ्या घालतो, तिच्या कर्त्याची परंपरा ह्या किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन पोहोचते.

त्या विद्यार्थ्यास आम्ही अखेर सांगितले ते एवढेच: किती जणांनी ऐकले, हे क्रमांक सांगतो, आणि तेही मोजणाऱ्याने ज्यांस मोजले त्यांच्यापुरते. गीत किती काळ टिकेल आणि त्यामागे किती साधना आहे, ह्याचे उत्तर यादीत नसते. शिक्षकांनी मुलांची गाणी तुच्छ मानू नयेत, आणि केवळ क्रमांकावरून थोरही मानू नयेत. प्रथम ती त्यांच्याबरोबर बसून ऐकावीत. तबकडी न फोडता संवाद साधावयाचा तर आरंभ मोठ्यांनीच केला पाहिजे.