ठळक अक्षर आणि त्याच्या पोटातील पोकळी

भाईंदर, राई, मुर्धे, मोर्वा आणि उत्तन ही मीरा-भाईंदर परिसरातील नावे देवनागरीत जाड ठशात लिहून पाहिली, तर जाहिरातीसाठी ठळक अक्षर निवडताना येणाऱ्या बहुतेक अडचणी तेवढ्यातच समोर येतात. ‘भाईंदर’मधील ‘ईं’वर रफारासारखे चिन्ह आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर एकाच जागी दाटीने बसतात, ‘मुर्धे’मध्ये एकाच ‘ध’वर रफार आणि मात्रा दोन्ही येतात, तर ‘उत्तन’मधील ‘त्त’च्या दोन आडव्या रेघांमध्ये जेमतेम एक फट उरते. अक्षराची जाडी वाढत जाते तसतशी ही फट बुजते, अनुस्वाराचा ठिपका शेजारच्या वळणाला चिकटतो आणि लक्ष वेधण्यासाठी जाड केलेले नाव वाचताच येत नाही.

मजकूर सलग वाचण्यासाठी घडवलेल्या अक्षरसंचाला मजकुराचा फॉन्ट म्हणतात, तर शीर्षक, पाटी किंवा जाहिरातीतील मोजके शब्द दुरून आणि झटकन दिसावेत म्हणून घडवलेल्या संचाला डिस्प्ले फॉन्ट म्हणतात. रेघेच्या जाडीला या व्यवसायात ‘वजन’ असा शब्द आहे, आणि रेघांनी वेढलेल्या कोऱ्या जागेला पोकळी म्हणता येईल. रोमन लिपीत एखाद्या शब्दावर भर देण्यासाठी मोठी लिपी, तिरका ठसा आणि वजन असे तीन मार्ग उपलब्ध असतात. देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी असा भेद नाही आणि तिरका ठसाही तिच्या परंपरेतला नाही, त्यामुळे भर देण्याचे जवळजवळ सगळे काम वजन आणि आकार यांवर येऊन पडते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांतील फरक मात्र एखाद्या लहानशा गाठीचा किंवा शिरोरेषेतील खंडाचा असतो, आणि वाढत्या वजनाखाली नेमका तोच आधी हरवतो.

मुंबईतील मुद्रकांना हा प्रश्न शिशाच्या खिळ्यांच्या काळापासून परिचित होता. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती त्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांमुळे देशभर पसरली, आणि त्यांच्या घडणीत राणोजी रावजी आरू यांच्या कारागिरीचा मोठा वाटा होता. पुढे कमल शेडगे यांनी वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींमध्ये अक्षरांकनाची स्वतंत्र परंपरा निर्माण केली. वृत्तपत्राच्या पानावर बहुधा काळ्या-पांढऱ्यात आणि मोजक्या जागेत नाटकाचे नाव असे उमटले पाहिजे, की शेजारच्या इतर जाहिरातींतून नजर तिथेच थांबावी आणि नाटकाची प्रकृतीही कळावी, ही त्या कामाची अट होती. २०२० साली शेडगे यांचे निधन झाले. परंतु आज मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने सरकत जाणाऱ्या चौकोनी जाहिरातीला तीच अट लागू आहे, आणि म्हणून समाजमाध्यमांसाठी काम करणाऱ्यांचे खरे पूर्वसूरी नाटकांच्या जाहिराती रेखाटणारे हे चित्रकारच ठरतात.

संगणकावर ही परंपरा पुढे नेणाऱ्यांमध्ये मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे काम महत्त्वाचे आहे. त्यांच्या ‘मोदक’ या फॉन्टमध्ये अक्षरे नावाप्रमाणेच फुगीर आहेत आणि पोकळी अगदी बारीक रेघेएवढी उरते. मात्र ती सर्वत्र सारखी न छाटता प्रत्येक अक्षराच्या वळणानुसार राखलेली असल्याने इतक्या वजनातही अक्षर ओळखू येते. त्याच गटाचा ‘बालू’ हा गोलसर ठळक फॉन्ट अनेक भारतीय लिप्यांत उपलब्ध आहे, तर ‘यात्रा वन’ हा कॅथरिन ली श्मिट यांचा फॉन्ट मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला आहे. हे तिन्ही मुक्त परवान्याखाली असल्याने छोट्या दुकानदारालाही ते व्यवसायासाठी विनामूल्य वापरता येतात.

तरीही जाहिरातींतील अक्षरे बुजलेली दिसतात, याचे कारण बहुधा वापरण्याच्या पद्धतीत असते. फॉन्टमध्ये ठळक वजन मुळातच नसताना सॉफ्टवेअरमधील ‘बोल्ड’ची कळ दाबली, की पुष्कळदा अक्षराची बाह्यरेषा चहूबाजूंनी यंत्रवत फुगवली जाते आणि पोकळी आतून भरते. रोमन अक्षरांप्रमाणे दोन अक्षरांतील अंतर वाढवले, तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व मात्रा एकमेकांना भिडू नयेत यासाठी देवनागरीत ओळींमध्ये अधिक जागा सोडावी लागते, तीही अनेकदा सोडली जात नाही. त्यातच व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवताना ते आकुंचित होते, कडा धूसर होतात आणि उरलीसुरली फटही नाहीशी होते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने दुकानांच्या नामफलकावर देवनागरीतील मराठी नाव आवश्यक केले आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा दंडक घातला. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्याच्या पालनासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. या तरतुदीमुळे मराठी अक्षराला हक्काची जागा मिळाली, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु कायदा अक्षराची उंची ठरवू शकतो, त्याची घडण नाही. आकाराने मोठे पण पोकळी बुजलेले अक्षर कायद्याची अट पूर्ण करते आणि वाचकाला मात्र काहीच सांगत नाही.

म्हणून राईतील घरगुती मसाल्याच्या जाहिरातीपासून मोठ्या कंपनीच्या फलकापर्यंत, ठळक फॉन्ट निवडणाऱ्या प्रत्येकाने एक साधी कसोटी अवश्य लावावी: त्या फॉन्टमध्ये ‘भाईंदर’, ‘मुर्धे’ आणि ‘उत्तन’ हे तीन शब्द लिहावेत, चित्र मोबाइलवर पाठवावे आणि हातभर अंतरावरून पाहावे. ‘ईं’चा ठिपका, ‘र्धे’ची मात्रा आणि ‘त्त’मधील फट वेगवेगळी दिसली, तरच तो फॉन्ट मराठीसाठी वापरावा.