मालेगावचा सुपरमॅन : मरहूम शफीक शेख

प्रत्येक गावाचा एक वल्ली असतो. लोक त्याला आधी हसतात, मग त्याच्याशिवाय त्यांचं करमत नाही, आणि तो गेल्यावर तो आपला किती जवळचा होता हे उमगतं. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा असा एक वल्ली म्हणजे मरहूम शफीक शेख. हातानं यंत्रमाग चालवणारा, अंगानं काडीसारखा आणि डोक्यात सिनेमा भरलेला.

शफीकचा वेडेपणा समजून घ्यायचा तर आधी मालेगाव समजून घ्यायला हवं. 1857 च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून आलेली विणकर कुटुंबं इथं मौसम नदीच्या काठी स्थिरावली. हातमाग गेले, यंत्रमाग आले. गल्लीगल्लीत रात्रंदिवस खडखडाट, हवेत कापसाची बारीक पूड आणि बारा-बारा तासांची पाळी. जेवढं कापड विणाल तेवढी मजुरी. लूमला सुट्टी जुम्म्याची. नमाज झाली, जेवण झालं की तरुण पोरांची पावलं थिएटरकडे वळायची. आठवडाभराचा शीण घालवायला त्यांना दुसरं काय होतं?

याच गावात नासीर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. चित्रपट दाखवता दाखवता त्यांना स्वतःच चित्रपट काढावासा वाटला. 2000 च्या सुमारास अवघ्या 50 हजारांच्या आसपास रुपयांत त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. कलाकार सगळे गावातलेच. कोणी लूमवरचा, कोणी दुकानातला. चित्रपट गावात धो धो चालला. मग ठरलं की आता सुपरमॅन करायचा.

आणि सुपरमॅन कोण? तर शफीक! ज्याला पाहून वारासुद्धा म्हणेल, ‘जपून रे बाबा, उडशील.’ नासीरभाईंची निवड मात्र विचारपूर्वक होती. त्यांचा सुपरमॅन मालेगावच्या धुळीत खोकणारा, धापा टाकणारा होता आणि त्याच्यासमोरचा खलनायक घाणीवर प्रेम करणारा. लोकांनी जागोजागी थुंकावं, गाव घाण करावं, हीच त्याची इच्छा. म्हणजे हसवता हसवता गावाचं खरं दुखणं पडद्यावर आणायचं होतं.

या चित्रपटाच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. आम्हाला शफीकची ओळख झाली ती त्यातूनच. हिरव्या कापडासमोर त्याला आडवं धरून उडवलं जातं, क्रेन नाही म्हणून बैलगाडीवर कॅमेरा चढवला जातो, एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. या सगळ्यात शफीक निमूट, हसरा. सांगाल तिथं उभा राहील, सांगाल तितक्यांदा पडेल. मध्येच त्याचं लग्नही उरकतं आणि नवरदेव पुन्हा सुपरमॅनचे कपडे चढवून हजर! त्याला पैशांची आशा नव्हती. लूमसमोर उभं राहून आयुष्य काढणाऱ्या माणसाला एकदा तरी कोणीतरी व्हायचं होतं, इतकंच.

आमच्या काही वाचकांना सिनेमाचा हा नाद पटणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं आहेत आणि आम्हाला इथं तो वाद घालायचा नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2006 साली शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले, 2008 मध्ये पुन्हा झाले. देशभर मालेगावचं नाव निघालं की लोकांना फक्त स्फोट आठवायचे. अशा काळात या गावाला मनमोकळं हसताही येतं, स्वप्नंही पाहता येतात, हे बाहेरच्यांना दाखवलं ते शफीकसारख्या साध्या मजुरानं. ही सेवा लहान नव्हती.

पुढची हकिगत मन विषण्ण करते. पडद्यावर घाणीशी आणि थुंकणाऱ्यांशी लढणाऱ्या शफीकला तोंडाचा कर्करोग झाला. आजार बळावलेला असताना चित्रपट गावात दाखवला गेला, त्यानं तो डोळे भरून पाहिला आणि त्यानंतर लवकरच, 2011 मध्ये, त्याचा इंतकाल झाला. ऐन जवानीत. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या हिंदी चित्रपटानं त्याची आणि त्याच्या मित्रांची गोष्ट सगळ्या देशाला सांगितली. शशांक अरोरा या अभिनेत्यानं शफीक साकारला. ते पाहायला शफीक नव्हता.

वाचकहो, शफीकची आठवण काढून नुसतं हळहळणं पुरेसं नाही. आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू, गुटखा आणि सुपारी हेच आहे. ‘आम्ही तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो,’ असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळायची ती मिळतेच. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तोंडात टाकलेली पहिली पुडी कधी रोजची होते ते कळत नाही.

म्हणून घरच्या बायाबापड्यांनीच लक्ष ठेवायला हवं. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, तिखट लागताच आग होते, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, दोन आठवडे झाले तरी जखम भरत नाही, यातलं काहीही आढळलं तर नवऱ्याला, भावाला, मुलाला डॉक्टरांकडे न्या. लाजू नका, रागावूही नका. लवकर कळलं तर इलाज होतो.

आणि तुमच्या मोहल्ल्यातही एखादा शफीक असेलच. कोणी नकला करणारा, कोणी शायरी लिहून खिशात ठेवणारा, कोणी भंगारातून यंत्रं बनवणारा. त्याला ‘निकम्मा’ म्हणण्याआधी थोडं थांबा. त्याचं एकदा ऐकून घ्या, पाठीवर हात ठेवा आणि जमलं तर त्याच्या खिशातली पुडी प्रेमानं काढून घ्या.

अल्लाह मरहूम शफीकची मगफिरत करो आणि त्याच्या घरच्यांना सब्र देवो. आमीन.