दोन दिवसांची सहल : छत्रपती संभाजीनगर

वेरूळची लेणी पाहण्यासाठी दूरच्या गावाहून विद्यार्थ्यांची गाडी निघावी आणि लेण्यांचे प्रवेशद्वार बंद आढळावे, यापरता विरस कोणता? वेरूळची लेणी मंगळवारी, तर अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. सहलीची तारीख निश्चित करण्यापूर्वी वार पाहणे, ही नियोजनाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी म्हणजे काय वगळावे हे ठरविणे. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे; त्यासाठी स्वतंत्र दिवस हवा. हाताशी दोनच दिवस असल्यास अजिंठा पुढील सहलीसाठी राखून ठेवावा. सर्वच स्थळे धावतपळत पाहिल्यास विद्यार्थ्यांच्या स्मरणात काहीही उरत नाही.

पहिला दिवस : एकच रस्ता, अनेक परंपरा

देवगिरी, खुलताबाद व वेरूळ ही स्थळे एकाच मार्गावर आहेत. देवगिरीची चढण कठीण असल्याने किल्ला सकाळच्या गारव्यात पाहावा. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली व स्थळास दौलताबाद हे नाव दिले. खंदक आणि 'अंधारी' हा काळोखा मार्ग पाहिला म्हणजे किल्ल्याच्या संरक्षणव्यवस्थेची कल्पना येते. खुलताबादेत सूफी संतांचे दर्गे, औरंगजेबाची साधी कबर आणि भद्रा मारुतीचे देवस्थान जवळजवळच आहेत.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर तेथे चांगला उजेड मिळतो. एकूण ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. वेळ थोडा असल्यास तिन्ही गटांतील एकेक लेणे निवडावे : क्रमांक १० चे विश्वकर्मा, १६ चे कैलास व ३२ चे इंद्रसभा. कैलास लेणे शिखराकडून पायाकडे, अखंड खडकातून कोरलेले असल्याने त्यासाठी किमान एक तास राखून ठेवावा.

दुसरा दिवस : शहर आणि त्याचे पाणी

१६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी येथे हे नगर वसविले. मूळचा हबशी आणि गुलाम म्हणून भारतात आलेला हा पुरुष उत्तम प्रशासक ठरला. त्याने भूमिगत नहरींद्वारे शहरास पाणी पुरविले. पुढे याच धर्तीच्या नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले व दर्ग्यातील फकिरांसाठी तेथे धान्य दळले जाई. पंचायतीच्या सदस्यांनी ही व्यवस्था आवर्जून पाहण्याजोगी आहे. सकाळी बीबी का मकबरा, त्यानंतर नजीकच्या डोंगरातील औरंगाबादची बौद्ध लेणी, दुपारी पाणचक्की व जुन्या वेशी असा क्रम सोयीचा ठरतो. २०२३ मध्ये शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृतपणे मिळाले.

निघण्यापूर्वी

पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि किल्ल्यासाठी विजेरी सोबत घ्यावी. दर्गा असो वा देऊळ, तेथील शिस्त पाळावी. निघण्यापूर्वी एक तास वर्गात नकाशा दाखवून चर्चा घ्यावी व प्रत्येक गटास एकेका स्थळाची टिपणे काढण्याचे काम द्यावे. भिंतीवर नाव कोरणे हा कायद्याने दंडनीय गुन्हा आहे, हेही त्याच वेळी सांगावे. भिंतीवर नाव कोरण्याऐवजी वहीत चार ओळी उतरवून परतलेला विद्यार्थी हेच सहल सफल झाल्याचे खरे गमक होय.