उन्हाळ्यातला आधार: भाकरी आणि मटकीची उसळ

पैठण तालुक्यातलं चितेगाव शेती आणि कारखानदारी अशा दोन्हींवर जगतं. मे महिन्यात मराठवाड्यातल्या विहिरी आटू लागल्या, की मेथी, पालक, कोथिंबीर बाजारात कमी येते आणि भाव चढतात. मजुराच्या घरात याचा फटका थेट ताटाला बसतो.

अशा वेळी कोरडं धान्यच कामी येतं.

मटकी, हुलगे, हरभरा ही कडधान्यं नीट वाळवून ठेवली तर वर्षभर टिकतात. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा हुलग्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं; ती उणीव कडधान्यं भरून काढतात. म्हणून भाकरी आणि उसळ ही जोडी पोषणाच्या दृष्टीनं भक्कम आहे. मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं. वरून लिंबू पिळलं किंवा कैरी किसून घातली, तर कडधान्यातलं लोह शरीरात अधिक शोषलं जातं.

उकाड्यात भिजवलेलं कडधान्य लवकर आंबतं. त्यामुळे पाणी बदलावं, मोड दिवसातून दोनदा धुवावेत, नीट शिजवावेत आणि उसळ त्याच दिवशी संपवावी.