शिवारातील शब्द आणि भूगोलाचा पाठ

भूगोलाच्या पाठात 'मैदान' हा शब्द आला की खेड्यातील मुलांच्या डोळ्यांपुढे शाळेमागील खेळाची जागा उभी राहते. नद्यांनी आणलेल्या गाळाचा विस्तीर्ण व सपाट प्रदेश, हा त्या शब्दाचा शास्त्रीय अर्थ त्यांना पाठ होतो, परंतु डोळ्यांना दिसत नाही. याच मुलांपाशी जमिनीचे रूप अचूक सांगणारे पुष्कळ शब्द घरून आलेले असतात. पुस्तकात नसल्यामुळे ते वर्गात उच्चारले जात नाहीत, आणि वहीत आलेच तर कित्येकदा अशुद्ध ठरून खोडले जातात. वस्तुतः पाठाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

प्रथम सखल जमिनीचे शब्द घ्यावेत. कोकणात समुद्रालगतच्या सखल पट्टीस 'खलाटी' व डोंगराकडील उंच भागास 'वलाटी' म्हणतात. खाडीकाठी भरतीचे खारे पाणी जेथे पसरते, ते 'खाजण'. बांध घालून हे पाणी अडविले म्हणजे तेथे भात पिकविता येते. बांधात पाण्यासाठी दार ठेवतात. ओहोटीच्या वेळी त्यातून आतील पाणी बाहेर जाते, आणि भरती आली की ते मिटते. रायगड जिल्ह्यात या दारास 'उघाडी' म्हणतात, तर गोव्यात 'मानस'. 'खाजण' हा एक शब्द नीट उलगडला, तर भरती-ओहोटी, क्षार, बांध व भातशेती हे चारही विषय त्यातून शिकविता येतात.

देशावर पुराच्या गाळाने बनलेली नदीकाठची सुपीक जमीन ती 'मळई'. जिच्यात क्षार साचून पीक खुंटते, ती 'चोपण'. नदीच्या दोन्ही अंगांच्या प्रदेशास 'खोरे' हा शब्द सर्वत्र आहे. तथापि सह्याद्रीलगत त्याची निराळी नावे आढळतात. पवना नदीचे खोरे ते पवन मावळ व आंद्रा नदीचे ते आंदर मावळ. जुन्नरच्या बाजूस मात्र मीना नदीचे मीननेर व कुकडीचे कुकडनेर.

मोकळ्या जमिनीचे शब्दही असेच अर्थपूर्ण आहेत. 'माळ' आणि 'मळा' यांत काना केवळ एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकतो. पण माळ म्हणजे पातळ मातीची, मुरमाड, गवताची कोरडी जमीन, आणि मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी बागायत. 'कुरण' म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन, व 'गायरान' म्हणजे गावच्या गुरांसाठी सोडलेली सामाईक जमीन. हे दोन शब्द जमिनीच्या रूपाबरोबर तिचा उपयोगही सांगतात. कोकणात डोंगरमाथ्यावरील जांभ्या खडकाचा सपाट विस्तार तो 'सडा'. देशावरील मुलास सडा म्हटला की अंगणातील शेणाचा सडाच आठवतो.

हे सर्व शब्द बाजूस सारून माळ, सडा व कातळ यांना सरसकट 'पडीक' म्हणण्याची सवय वाढत आहे. महसुली दप्तरात लागवडीस अयोग्य भाग 'पोटखराबा' म्हणून नोंदला जातो. पिकाच्या हिशेबापुरते ते योग्यच आहे. परंतु जेथे पीक येत नाही तेथे काहीच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार जांभ्या खडकाचे असून त्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे. तरी पावसाळ्याच्या अखेरीस ते रानफुलांनी भरून जाते. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर प्राचीन मानवाने खोदलेली कातळशिल्पे आढळली आहेत. माळढोक पक्ष्याच्या तर नावातच माळ आहे. उघड्या जमिनीवर अंडे घालणारा हा पक्षी आता अत्यंत दुर्मिळ झाला आहे. माळ ओसाड समजून तेथे दाट झाडे लावली, तर गवतावर जगणाऱ्या जीवांचा आसरा नाहीसा होतो. म्हणून मुलाच्या 'माळ' या शब्दावर काट मारून 'पडीक' लिहविणारा शिक्षक केवळ शब्द बदलीत नाही, तर नकळत त्या जमिनीविषयी निर्णयही देत असतो.

यासाठी खर्च न येणारा एक उपक्रम करता येईल. वर्षातून दोनदा, पावसाळ्यात व उन्हाळ्यापूर्वी, मुलांची शिवारफेरी काढावी. गावचा शब्द, पुस्तकातील शब्द आणि जमिनीचा उपयोग असे तीन रकाने वहीत आखावेत. पहिला रकाना वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना व गुराख्यांना विचारून मुलांनीच भरावा. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, तोही मुलांना दाखवावा. बदली होऊन परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकास या वहीचा विशेष लाभ होईल, कारण पहिल्या रकान्यापुरते मुले शिक्षक होतील व तो विद्यार्थी.

पुस्तकातील शब्द शिकविलाच पाहिजे, कारण परप्रांतीची जमीन त्याच शब्दाने समजते. परंतु स्वतःच्या पायाखालची जमीन मुलाला घरच्या शब्दाने आधीच समजलेली असते. तो शब्द खोडण्याऐवजी त्याच्या शेजारी पुस्तकातील शब्द लिहावा, म्हणजे दोन्ही टिकतील.