गाडीतला अॅम्प्लिफायर घेताना कानाला विचारा

मागच्या महिन्यात वडापच्या जीपवर असलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण दवाखान्यात आला आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "डॉक्टर, कानात रातकिडा शिरलाय, तेवढा काढून द्या." तपासून पाहिले. रातकिडा नव्हता, मळही नव्हता, पडदा शाबूत होता. मग श्रवणशक्तीची चाचणी केली तेव्हा उलगडा झाला. दोन्ही कानांचा आलेख ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखा खाली गेला होता. वर्षानुवर्षे यंत्राच्या धडधडाटात काम केलेल्या कामगारांच्या कानात असा खड्डा दिसतो. या मुलाने तर कारखान्याचे तोंडही पाहिले नव्हते. खोदून विचारले तेव्हा कळले, की दोन वर्षांपूर्वी त्याने जीपमध्ये 'हजार वॅटचा' अॅम्प्लिफायर बसवला असून रोज आठ-नऊ तास गाणी चालू असतात. कॉलेजची मुले आपलीच गाडी धरतात, हेही त्याने अभिमानाने सांगितले.

आरोग्याच्या सदरात अॅम्प्लिफायर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण चष्म्याचा नंबर जसा डोळ्याच्या डॉक्टरांचा विषय, तसा गाडीतला वॅटचा आकडा हा कानाच्या डॉक्टरांचा विषय होऊ लागला आहे.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसासारखे तंतू असलेल्या अतिसूक्ष्म पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजाने त्या प्रथम थकतात. लग्नाच्या वरातीतून घरी आल्यावर कान बधिर वाटतात, सकाळी बरे वाटते, ते यामुळेच. हा मार रोजच बसू लागला की पेशी मरतात. त्वचेची जखम भरते, हाड सांधते, पण माणसाच्या कानातील ही पेशी मेली की पुन्हा उगवत नाही.

किती आवाज किती वेळ सोसावा याचा हिशेब आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये कामगारांसाठी जी मर्यादा सांगितली ती अशी : ८५ डेसिबल आवाजात आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे.

आता अॅम्प्लिफायरकडे येऊ. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो तो बरोबर तीन डेसिबलने. म्हणजे पन्नास वॅटऐवजी शंभर वॅट घेतले आणि तेवढी ताकद वापरली, तर कानाला फरक जेमतेम जाणवतो, कारण आवाज दुप्पट मोठा 'वाटण्यासाठी' सुमारे दहापट वॅट लागतात. पण सुरक्षित वेळ मात्र निम्मा होतो. पैसे मोजून आपण फारसे काही विकत घेत नाही आणि कानाचे आयुष्य देऊन बसतो.

स्पीकरच्या खोक्यावर '९० डीबी' असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. चालकाचा कान दरवाजातल्या स्पीकरपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. दुपटीचा हिशेब केला तर सोळा वॅटला १०२ डेसिबल! गाणे सतत पूर्ण ताकदीवर नसते हे खरे, सरासरी बरीच खाली असते. तरी एक-दोन वॅटमध्येही कानाला पुरेसे ऐकू येते, हे यावरून दिसेल.

मग अॅम्प्लिफायर हवाच कशाला? हवा, आणि त्याचे कारण वेगळे आहे. गाणे दोन वॅटवर चालले असले तरी ढोलकीच्या थापेला क्षणभर त्याच्या दहापट ताकद लागते. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेले असते, पण बॅटरीच्या बारा-चौदा व्होल्टवर त्याला चार ओहमच्या स्पीकरला खरे पंधरा-वीस वॅटच देता येतात. आवाज थोडा चढवला की थाप मध्येच कापली जाते, आवाज फाटतो, शब्द नीट कळत नाहीत, म्हणून आपण बटण आणखी फिरवतो. प्रत्येक स्पीकरला चाळीस ते साठ खरे वॅट देणारा, चार चॅनेलचा साधा अॅम्प्लिफायर घरच्या गाडीला पुरे होतो. त्याने आवाज मोकळा होतो आणि कमी व्हॉल्यूमवर शब्द कळतात. मात्र एक सावधगिरी बाळगावी. फाटका आवाज कानाला टोचतो म्हणून आपण हात आखडतो. स्वच्छ आवाज टोचत नाही, म्हणून तो किती मोठा झाला हे लक्षातच येत नाही. चांगल्या अॅम्प्लिफायरचा हा धोका दुकानदार सांगत नाही.

खरे वॅट ओळखायचे कसे? खोक्यावर 'आरएमएस' या अक्षरांपुढचा आकडा पाहावा. 'मॅक्स', 'पीक' किंवा जुन्या टेपरेकॉर्डरवरचा 'पीएमपीओ' हे आकडे जाहिरातीचे. आणखी एक युक्ती आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दाखवली. अॅम्प्लिफायरचा फ्यूज बघायचा. तो ३० अँपिअरचा असेल, तर तीस गुणिले चौदा व्होल्ट म्हणजे ४२० वॅट, एवढीच वीज तो बॅटरीतून सतत घेऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या, 'क्लास एबी' अॅम्प्लिफायरमध्ये त्यातली निम्मी उष्णतेत जाते. 'क्लास डी' असेल तर पाचातले चार भाग हाती लागतात. आमच्या जीपवाल्याच्या 'हजार वॅट'ला ३० चाच फ्यूज निघाला. बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरीलाही बॅटरीपासून वीतभर अंतरात स्वतंत्र फ्यूज हवा, नाहीतर वायर घासली गेली की आगीचे भय.

अॅम्प्लिफायरवर 'गेन' नावाचा छोटा स्क्रू असतो. पुष्कळ जण त्याला व्हॉल्यूम समजून पूर्ण फिरवून ठेवतात. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी मेळ घालणे एवढेच त्याचे काम. मेकॅनिक तो आवाज फाटेपर्यंत नेतात आणि किंचित मागे घेतात. मी म्हणेन, तिथवर जाऊच नका. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून गाणे मोकळेपणी ऐकू येईल एवढाच गेन ठेवावा, म्हणजे पोराने बटण पार शेवटपर्यंत फिरवले तरी कानठळ्या बसणार नाहीत.

खिडक्या उघड्या ठेवून हायवेवर गाडी पळवली की वारा, टायर आणि इंजिन यांचा गोंगाट गाण्यावर मात करतो आणि आपण गाणे त्याच्याही वर नेतो. टोलनाक्यावर गाडी थांबली की तेच गाणे अंगावर येते, हा अनुभव सर्वांचा असेल. मोठा अॅम्प्लिफायर घेण्याऐवजी काचा वर करणे फुकटात होते. दरवाजाच्या पत्र्याला आतून आवाज शोषणारी शीट लावून घेतली तर त्याहून उत्तम.

मागच्या सीटवरच्या मुलांचे कान मागच्या स्पीकरच्या अगदी जवळ येतात, आणि व्हॉल्यूम ठरवतो पुढे बसलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात, मोबाइलसारख्या उपकरणांवर गाणी ऐकताना मोठ्यांना आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल, तर मुलांना तेवढ्याच वेळेसाठी ७५ अशी मर्यादा धरली आहे. लहान मूल सोबत असेल तेव्हा स्टिरिओच्या 'फेडर'ने आवाज पुढच्या स्पीकरकडे वळवावा.

मोजायचे यंत्र नसले तरी चालेल. हातभर अंतरावर, शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल तर आवाज ८५ च्या पुढे गेला असे समजावे. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, किंवा 'स', 'श', 'फ' ही अक्षरे चुकीची ऐकू येऊ लागली, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. तेल घालून वाट पाहू नये.

जीपवाल्याने अॅम्प्लिफायर काढला नाही, गेन मात्र माझ्यासमोर दवाखान्याच्या दारात खाली आणला. परवा तो पुन्हा आला होता. रातकिडा आता फक्त रात्री, अंथरुणावर पडल्यावर ओरडतो म्हणाला. आलेखातला खड्डा होता तिथेच आहे.